द्विध्रुवी विकारातील दीर्घकालीन कार्यक्षमतेचे पूर्वानुमान

द्विध्रुवी विकारातील दीर्घकालीन कार्यक्षमतेचे पूर्वानुमान हा मनोविकारशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. द्विध्रुवी विकार, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डर, असलेली व्यक्ती पुढील अनेक वर्षांत शिक्षण, नोकरी-व्यवसाय, घरसंसार, नातेसंबंध आणि स्वतःची देखभाल कितपत सांभाळू शकेल, याचा अंदाज कोणत्या गोष्टींवरून बांधता येतो आणि तो अंदाज कितपत विश्वसनीय असतो, याचा विचार या विषयात केला जातो.

आजाराचा झटका ओसरणे आणि आयुष्याची घडी पूर्ववत बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या क्षेत्रातील सर्वांत ठळक निष्कर्ष मानला जातो. बहुसंख्य रुग्णांची तीव्र लक्षणे उपचारांनी आटोक्यात येतात. मात्र त्यांतील अनेकांना आजारापूर्वीच्या पातळीवर काम व सामाजिक जीवन पुन्हा सुरू करणे कठीण जाते. झटक्यांच्या मधल्या काळात शिल्लक राहणारी नैराश्याची सौम्य लक्षणे आणि स्मृती, अवधान यांसारख्या बोधनिक क्षमतांमधील उणिवा यांचा या अडचणीशी सातत्याने संबंध आढळला आहे. हे संबंध रुग्णांच्या गटांबाबत स्पष्ट असले, तरी एखाद्या विशिष्ट व्यक्तीचे भविष्य त्यांवरून खात्रीने सांगता येत नाही.

पार्श्वभूमी

द्विध्रुवी विकारात व्यक्तीची मनःस्थिती उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांकडे वारंवार झुकते. उन्मादाच्या काळात झोपेची गरज कमी होणे, बोलण्याचा व विचारांचा वेग वाढणे, स्वतःविषयी अवास्तव कल्पना बाळगणे, बेसुमार खर्च करणे आणि परिणामांचा विचार न करता निर्णय घेणे अशी लक्षणे दिसतात. नैराश्याच्या काळात उत्साह व रस नाहीसा होतो, हालचाल मंदावते आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. उन्मादाचा किमान एक पूर्ण झटका येऊन गेला असल्यास त्याला पहिल्या प्रकारचा, तर सौम्य उन्माद व तीव्र नैराश्याचे झटके असल्यास दुसऱ्या प्रकारचा द्विध्रुवी विकार म्हणतात.

हा विकार बहुधा किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा तारुण्यात सुरू होतो. शिक्षण पूर्ण करणे, रोजगार मिळवणे आणि कुटुंब उभारणे यांचा हाच काळ असल्याने आरंभीच्या काही झटक्यांचाही आयुष्याच्या पुढील वाटचालीवर मोठा परिणाम होऊ शकतो. ‘बरे वाटेल का’ या प्रश्नाइतकाच ‘पुन्हा शिकता येईल का, कामावर जाता येईल का’ हा प्रश्नही रुग्ण व कुटुंबीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

संकल्पना

या विषयाच्या अभ्यासात बरे होण्याच्या तीन पातळ्या वेगळ्या मानल्या जातात.

१. झटक्यातून मुक्तता : निदानाच्या निकषांत बसेल इतकी लक्षणे आता उरलेली नाहीत.
२. लक्षणांपासून मुक्तता : निकषांत न बसणारी किरकोळ लक्षणेही जवळपास नाहीशी झाली आहेत.
३. कार्यात्मक पुनर्प्राप्ती : व्यक्ती आजारापूर्वीच्या पातळीवर काम करू लागली आहे आणि पूर्वीइतक्याच स्वतंत्रपणे राहू लागली आहे.

तिसरी पातळी गाठण्यास सर्वाधिक वेळ लागतो आणि ती गाठणाऱ्यांचे प्रमाणही सर्वांत कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमता, विकलांगता व आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कार्यक्षमता हा केवळ आजाराचा परिणाम मानलेला नाही. व्यक्तीची आरोग्यस्थिती, तिच्या कृती, समाजातील सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांच्या परस्परसंबंधातून ती ठरते, असे हे वर्गीकरण मानते. त्यानुसार सारखीच लक्षणे असलेल्या दोन व्यक्तींची कार्यक्षमता त्यांच्या कुटुंबातील आधारामुळे किंवा कामाच्या स्वरूपामुळे वेगवेगळी असू शकते.

इतिहास

फ्रान्समध्ये १८५४ साली झाँ-पिएर फालरे आणि ज्यूल बायार्झे यांनी उन्माद व विषण्णता आलटून-पालटून येणाऱ्या एकाच आजाराची स्वतंत्रपणे वर्णने केली. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत ‘उन्माद-विषण्णता विकार’ आणि आज स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखला जाणारा आजार यांची विभागणी केली. या विभागणीचा मुख्य आधार आजाराची दीर्घकालीन वाटचाल हाच होता. स्किझोफ्रेनियात क्षमतांचा उत्तरोत्तर ऱ्हास होतो, तर उन्माद-विषण्णता विकारात झटक्यांच्या मध्ये रुग्ण साधारणपणे पूर्ववत होतो, अशी त्यांची मांडणी होती.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उन्मादावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि पुढे डेन्मार्कमधील मोगेन्स स्काऊ यांच्या संशोधनामुळे झटके टाळण्यासाठी लिथियमचा वापर रूढ झाला. झटके रोखता आले की रुग्णाचे आयुष्य आपोआप सुरळीत होईल, अशी अपेक्षा त्यामुळे बळावली. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या पाठपुरावा अभ्यासांनी ही अपेक्षा आणि क्रेपेलिन यांचे आशादायी चित्र या दोहोंना मर्यादा असल्याचे दाखवले.

प्रमुख पाठपुरावा अभ्यास

अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालय व हार्वर्ड येथील संशोधकांनी उन्मादाच्या किंवा मिश्र स्वरूपाच्या पहिल्या झटक्यासाठी दाखल झालेल्या १६६ रुग्णांचा दोन ते चार वर्षे पाठपुरावा केला. मॉरिसिओ तोहेन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत ९८ टक्के रुग्ण झटक्यातून मुक्त झाले आणि ७२ टक्के रुग्णांची लक्षणेही गेली. मात्र कार्यात्मक पुनर्प्राप्ती केवळ ४३ टक्के रुग्णांना साधली. ती साधलेल्या रुग्णांचे वय तुलनेने अधिक होते आणि त्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी दिवसांचा होता.

ल्युईस जड व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या दीर्घकालीन अभ्यासातील रुग्णांच्या लक्षणांची आठवड्यागणिक नोंद तपासली. पहिल्या प्रकारच्या १४६ रुग्णांचा सरासरी १२.८ वर्षे पाठपुरावा झाला. या रुग्णांमध्ये ४७.३ टक्के आठवड्यांत कोणती ना कोणती लक्षणे होती आणि नैराश्याच्या लक्षणांचे आठवडे (३१.९ टक्के) उन्माद व सौम्य उन्मादाच्या आठवड्यांपेक्षा (८.९ टक्के) तिपटीहून अधिक होते. दुसऱ्या प्रकारच्या ८६ रुग्णांत लक्षणे असलेल्या आठवड्यांचे प्रमाण ५३.९ टक्के, तर नैराश्याचे प्रमाण ५०.३ टक्के आढळले. दुसरा प्रकार हा पहिल्याचे केवळ सौम्य रूप आहे, हा समज या आकडेवारीमुळे मागे पडला.

पूर्वी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा २००१ मध्ये आढावा घेताना ग्लेंडा मॅक्वीन व सहकाऱ्यांनी ३० ते ६० टक्के रुग्ण व्यावसायिक व सामाजिक क्षेत्रांत पूर्ण कार्यक्षमता परत मिळवू शकत नाहीत, असे नमूद केले. या आकड्यांमधील मोठी तफावत काही प्रमाणात व्याख्या, मापनपद्धती आणि निवडलेल्या रुग्णांमधील फरकांमुळे आहे.

मापन

अमेरिकी निदानपुस्तिकेत १९८७ पासून समाविष्ट असलेले समग्र कार्यक्षमता मापन दीर्घकाळ सर्वाधिक वापरात होते. त्यात व्यक्तीची स्थिती एकाच अंकाने दर्शवली जात असे. लक्षणांची तीव्रता आणि कार्यक्षमता यांची सरमिसळ हा त्याचा मुख्य दोष होता. लक्षणे वाढली की गुण कमी होत असल्यामुळे दोहोंमधील संबंध तपासणे अवघड जाई. निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत ते वगळण्यात आले आणि जागतिक आरोग्य संघटनेची विकलांगता मूल्यमापन अनुसूची पुढील अभ्यासासाठी सुचवण्यात आली.

द्विध्रुवी विकाराच्या संशोधनात बार्सिलोना येथे विकसित झालेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फास्ट’ ही संक्षिप्त चाचणी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत २४ प्रश्न असून स्वायत्तता, व्यावसायिक कार्य, बोधनिक कार्य, आर्थिक व्यवहार, परस्परसंबंध आणि फावला वेळ ही सहा क्षेत्रे तपासली जातात. एकूण गुण ० ते ७२ असतात आणि अधिक गुण अधिक अडचण दर्शवतात. क्षेत्रनिहाय गुण मिळत असल्याने एखादी व्यक्ती घरात स्वावलंबी आहे, परंतु नोकरीत अडखळते आहे, असा भेद या चाचणीतून स्पष्ट होतो.

पूर्वसूचक घटक

नैराश्याची अवशिष्ट लक्षणे

उन्माद अधिक लक्षवेधी असतो आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ बहुधा त्यामुळेच येते. दीर्घकालीन कार्यक्षमतेशी मात्र नैराश्याच्या लक्षणांचा संबंध अधिक दृढ आढळला आहे. निदानाच्या निकषांपर्यंत न पोहोचणारा थकवा, निरुत्साह, झोपेतील बिघाड आणि निर्णय घेण्यातील दिरंगाई यांमुळेही काम व नातेसंबंध यांवर परिणाम होतो. लक्षणांची तीव्रता वाढते तशी अक्षमता वाढते आणि लक्षणे ओसरली की तीही कमी होते, असे जड यांच्या गटाच्या २००५ मधील विश्लेषणात दिसून आले. त्यामुळे अक्षमता हा कायमचा शिक्का नसून ती बदलती अवस्था आहे, या मताला आधार मिळाला.

बोधनिक क्षमता

शाब्दिक स्मृती, अवधान, माहिती-प्रक्रियेचा वेग आणि नियोजन करणे, आवेग आवरणे यांसारख्या कार्यकारी क्षमता यांतील उणिवा मनःस्थिती स्थिर असतानाही काही रुग्णांमध्ये आढळतात. बार्सिलोनातील संशोधकांनी स्थिर मनःस्थितीतील रुग्णांचा सुमारे चार वर्षे पाठपुरावा करून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्याची सौम्य लक्षणे आणि शाब्दिक स्मृती हे दोन घटक पुढील कार्यक्षमतेचे सूचक ठरले.

या उणिवा सर्व रुग्णांत सारख्या नसतात. काहींच्या क्षमता निरोगी व्यक्तींइतक्याच असतात, काहींमध्ये निवडक उणिवा असतात, तर काहींमध्ये त्या व्यापक असतात. प्रत्येक झटक्यागणिक मेंदूची हानी वाढत जाते, असे गृहीतक मांडले गेले आहे. मात्र त्याच रुग्णांची काही वर्षांनी पुन्हा चाचणी घेणाऱ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत बोधनिक क्षमता सरासरीने स्थिर राहिल्याचे आढळले असून हा वाद मिटलेला नाही.

आजाराचा पूर्वेतिहास

लहान वयात झालेली सुरुवात, झटक्यांची अधिक संख्या, वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणे आणि भास किंवा चुकीच्या पक्क्या समजुतींसारखी लक्षणे यांचा पुढील कार्यक्षमतेशी प्रतिकूल संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. निदान होण्यास लागणारा विलंबही महत्त्वाचा असतो. अनेकदा पहिला झटका नैराश्याचा असल्याने त्यावर केवळ नैराश्याचे उपचार होतात आणि विकाराचे खरे स्वरूप लक्षात येईपर्यंत काही वर्षे निघून जातात.

आजारापूर्वीची स्थिती

आजारापूर्वीचे शिक्षण, कामाचा अनुभव आणि सामाजिक जुळवणूक चांगली असल्यास पुढील वाटचाल तुलनेने अनुकूल राहण्याची शक्यता असते. मात्र चांगली पूर्वस्थिती आजारापासून संरक्षण देत नाही. स्वीडनमधील सात लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१० मधील अभ्यासात सोळाव्या वर्षी उत्कृष्ट गुण मिळवणाऱ्यांना पुढे द्विध्रुवी विकार होण्याचे प्रमाण सरासरी गुण मिळवणाऱ्यांच्या जवळपास चौपट आढळले. सर्वांत कमी गुण असणाऱ्यांतही ते काहीसे वाढलेले होते.

सहविकार आणि व्यसने

चिंताविकार, मद्य व अमली पदार्थांचे व्यसन आणि लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार यांसारखे शारीरिक आजार द्विध्रुवी विकारासोबत बऱ्याचदा आढळतात. व्यसनामुळे औषधे अनियमित होतात, झटके वाढतात आणि रोजगार टिकवणे अवघड होते.

औषधोपचार

नियमित औषधोपचार झटक्यांचा धोका कमी करून कार्यक्षमतेला आधार देतो. लिथियम एकाएकी बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे गुंगी, हातांची थरथर, वजनवाढ आणि मंदपणा या दुष्परिणामांमुळे कामात अडथळा येऊ शकतो. ‘औषधे घेऊनही काम जमत नाही’ या तक्रारीमागे आजार आहे की औषध, हे ठरवण्यासाठी स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

कुटुंब आणि समाज

कुटुंबाचा आधार, आर्थिक स्थिती, कामाच्या वेळांतील लवचिकता आणि मानसिक आजाराभोवतीचा कलंक यांचा कार्यक्षमतेवर परिणाम होतो. घरातील सततची टीका, शत्रुत्वाची भावना किंवा अतिसंरक्षण असलेल्या कुटुंबांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे डेव्हिड मिक्लोविट्झ यांच्या १९८८ मधील अभ्यासात आढळले. विवाहित असणे अनेकदा चांगल्या वाटचालीशी निगडित दिसते. परंतु विवाहामुळे आधार मिळतो की ज्यांचा आजार सौम्य आहे त्यांचेच विवाह टिकतात, हे अशा आकडेवारीवरून सांगता येत नाही.

पूर्वानुमानाच्या मर्यादा

एखाद्या घटकाचा कार्यक्षमतेशी संबंध आढळणे आणि त्या घटकावरून व्यक्तीचे भविष्य वर्तवता येणे यांत अंतर आहे. उदाहरणार्थ, १०० रुग्णांपैकी ४० जणांची पुढील कार्यक्षमता कमी राहणार आहे आणि एखादी चाचणी दोन्ही गटांतील ७५ टक्के व्यक्तींना अचूक ओळखते, असे समजू. ती ४० पैकी ३० जणांना ओळखेल, मात्र उरलेल्या ६० पैकी १५ जणांनाही चुकून त्याच यादीत टाकेल. परिणामी ‘कार्यक्षमता कमी राहील’ असे ज्यांच्याबाबत सांगितले गेले, त्या ४५ जणांपैकी एक तृतीयांश लोकांबाबत ते चुकीचे ठरेल.

याखेरीज पुढील अडचणी नोंदवल्या जातात.

• बहुतांश अभ्यास मोठ्या शैक्षणिक रुग्णालयांत झाल्यामुळे त्यांत गुंतागुंतीचा आजार असलेले रुग्ण अधिक असतात. बरे होऊन उपचार थांबवलेल्या व्यक्ती अभ्यासाबाहेर राहतात.
• दीर्घ पाठपुराव्यात अनेक रुग्ण गळतात आणि गळणारे व टिकणारे रुग्ण सारखे नसतात.
• कार्यकारणाची दिशा अस्पष्ट राहते. नैराश्यामुळे नोकरी जाते, तशीच नोकरी गेल्यामुळेही नैराश्य वाढते.
• संगणकीय शिक्षणपद्धतींनी तयार केलेली अनुमानसूत्रे लहान नमुन्यावर आधारलेली असल्यास नव्या रुग्णगटावर त्यांची अचूकता घटते. म्हणून स्वतंत्र गटावरील पडताळणी अनिवार्य मानली जाते.
• केवळ नोकरी हा निकष घेतल्यास गृहिणी, विद्यार्थी, शेतीत किंवा घरच्या धंद्यात काम करणाऱ्या व्यक्तींच्या कार्यक्षमतेचे योग्य मापन होत नाही.

प्रतिकूल अंदाजाचा स्वतःचाही परिणाम होऊ शकतो. पुढे फारसे काही जमणार नाही, असे गृहीत धरल्यास शिक्षण अर्धवट सोडणे, जबाबदाऱ्या काढून घेणे किंवा पुनर्वसनाचे प्रयत्न न करणे असे निर्णय घेतले जातात आणि अंदाज खरा ठरण्यास तेच कारणीभूत होतात. त्यामुळे पूर्वानुमानाचा उपयोग कोणाला वगळण्यासाठी नव्हे, तर कोणाला कोणत्या आधाराची गरज आहे हे ठरवण्यासाठी व्हावा, असे मानले जाते.

उपचार व पुनर्वसनाशी संबंध

वय, आजाराची सुरुवात कधी झाली किंवा पूर्वी किती झटके आले या गोष्टी बदलता येत नाहीत. अवशिष्ट नैराश्य, झोप, व्यसन, औषधांचे दुष्परिणाम आणि कुटुंबातील वातावरण हे घटक मात्र बदलण्याजोगे असल्याने उपचारांचा भर त्यांवर दिला जातो.

मनोशिक्षणात रुग्ण व कुटुंबीयांना आजाराची पूर्वलक्षणे ओळखणे, झोपेची शिस्त पाळणे आणि औषधांचे महत्त्व समजून घेणे शिकवले जाते. एलन फ्रँक व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत उठणे, जेवणे, काम करणे व झोपणे यांच्या वेळा नियमित करण्यावर आणि नातेसंबंधांतील तणाव हाताळण्यावर भर असतो.

कार्यात्मक पुनर्शिक्षण ही पद्धत स्मृती, अवधान व नियोजन यांच्या दैनंदिन वापरावर केंद्रित आहे. स्पेनमधील १० केंद्रांत २३९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला ९० मिनिटांची अशी २१ सत्रे घेण्यात आली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या गटाची कार्यक्षमता लक्षणीयरीत्या सुधारली. मनोशिक्षणाच्या गटाशी तुलना करता मात्र फरक निर्णायक नव्हता.

भारतातील संदर्भ

बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवी विकाराचे आयुष्यभरातील प्रमाण ०.५ टक्के आणि उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्के आढळले. सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश नव्हता. वंचितांचे हे प्रमाण पाहता, भारतात बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत उपचार मिळणे हीच दीर्घकालीन कार्यक्षमतेची पहिली अट ठरते.

अनेक भारतीय अभ्यासांत नैराश्यापेक्षा उन्मादाचे झटके अधिक असलेले रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आहेत. त्यामुळे पाश्चात्त्य रुग्णांवरून काढलेली अनुमानसूत्रे पडताळणीशिवाय येथे लागू करणे योग्य ठरत नाही. एकत्र कुटुंबात राहणे, घरच्या शेतीत वा व्यवसायात सामावून घेतले जाणे आणि असंघटित क्षेत्रातील रोजगार या बाबींमुळे ‘कामावर परतणे’ आणि ‘स्वतंत्र राहणे’ या निकषांचा अर्थही बदलतो.

भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २००२ मध्ये तयार केलेली ‘आयडियाज’ ही मापनपट्टी मानसिक आजारामुळे आलेल्या विकलांगतेच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. तीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांचे प्रत्येकी ० ते ४ गुणांनी मूल्यमापन होते व त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवले जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के विकलांगता असल्यास आरक्षणासह विविध सवलती मिळू शकतात. हे प्रमाणपत्र मूल्यमापनाच्या वेळची स्थिती दर्शवते. ते भविष्याविषयीचे अनुमान नसते. द्विध्रुवी विकारात स्थिती कमी-अधिक होत राहत असल्याने हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने शासकीय सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा हक्क मान्य केला असून आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागवणे बंधनकारक केले आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हेही पहा

• द्विध्रुवी विकार
• नैराश्य
• स्किझोफ्रेनिया
• लिथियम
• मनोसामाजिक पुनर्वसन
• मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७